बरं व्हायला लोक जिथं जायचे, ती जुनी जागा कशी बघायची

कैरोच्या म्युझियममध्ये जेदहोर नावाच्या एका माणसाचा दगडी पुतळा आहे, साधारण २३०० वर्षांपूर्वीचा. गुडघे पोटाशी घेऊन बसलाय आणि अंगभर बारीक अक्षरात मंत्र कोरलेत, हातावर, पाठीवर, कुठं जागाच सोडलेली नाही. बघणारे अक्षरांचा फोटो काढतात आणि पुढं सरकतात. पण जरा वाकून बघितलं तर पायाशी दगडातच कोरलेला एक खळगा दिसतो, आणि सगळा उलगडा तिथं होतो. पाणी वरून ओतायचं, ते मंत्रांवरून ओघळत खाली यायचं, खळग्यात साठायचं, आणि साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला ते प्यायला द्यायचं. मंत्र अक्षरशः पोटात जायचा.

मला या विषयाची गोडी लागली ती असल्या खळग्यांमुळेच. उपचाराच्या जुन्या जागेत सगळ्यात कामाची गोष्ट बहुतेक वेळा अगदी साधी दिसते, एखादा खळगा, चर, झिजलेली पायरी, फुटक्या मडक्यांचा ढीग. आणि ती एकटी काही सांगत नाही, ती नेमकी कुठं आहे, कशाच्या शेजारी आहे आणि तशा अजून किती आहेत हे कळलं की मग ती बोलायला लागते. खाली जे लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे. पुरातत्त्व शिकलेलं असायची गरज नाही, पण एक आधीच सांगतो, खोदायचं नाही, उचलायचं नाही, गाळात हात घालायचा नाही. खोदकाम हे परवाना असलेल्या टीमचं काम आहे आणि बहुतेक देशांत तसा कायदाच आहे. आपल्याला लागतं काय तर वही, पेन्सिल, मोबाईल, एक छोटी मापपट्टी आणि भरपूर वेळ.

आधी विचारा, मग जा

अशा जागांचं वेगळेपण असं की त्यातल्या बऱ्याच अजून चालू आहेत. आपल्याला वाटतं आपण "अवशेष" बघायला चाललोय, आणि तिथं कुणीतरी आपल्या आजारी पोराला मांडीवर घेऊन बसलेलं असतं.

उत्तर घानात टोंगो टेकड्या आहेत, तालेन्सी लोकांच्या. तिथं तोंगनाब नावाचं ठाणं आहे, लोक लांबलांबून आजारपण, मूल होत नाही, घरात काही ना काही बिनसतंय अशी गाऱ्हाणी घेऊन येतात. आत जायचं तर कमरेवरचे कपडे काढावे लागतात, मग तुम्ही पाहुणे असा की संशोधक. त्या टेकड्यांमध्ये टिमोथी इन्सॉल आणि बेंजामिन कांकपेयेंग यांच्या टीमने पुरातत्त्वाचं काम केलं, तेसुद्धा तिथल्या लोकांशी बोलत बोलतच केलं, आणि त्यामुळेच त्यांना नुसत्या उभ्या दगडांपलीकडचं कळलं. अमेरिकेत वायोमिंगमध्ये बिगहॉर्न मेडिसिन व्हील म्हणून दगडांचं एक मोठं चक्र आहे, जवळपास २४ मीटर रुंद, २८ आरे. तिथले मूळ रहिवासी आजही येतात, प्रार्थना करतात, कापडाच्या पट्ट्या बांधून जातात. ती पट्टी "कचरा" नाही आणि "छान फोटो" पण नाही, ती कुणाचीतरी मागणी आहे.

तर मग जायच्या आधी जागा कोण सांभाळतं ते शोधा आणि त्यांना सरळ विचारा. कुठवर यायचं, कशाचा फोटो नको, कुठला दिवस नको, बाईमाणसांना किंवा पुरुषांना कुठं मनाई आहे का. नाही म्हणाले तर नाही. आणि अजून एक प्रश्न जरूर विचारा, जो सहसा कुणी विचारत नाही: हे ठाणं इथलंच का कुठून आणलेलं? तोंगनाबचीच शक्ती पुढे दक्षिण घानात नेली गेली, तिथं नवीन ठाणी उभी राहिली आणि नाव पडलं नाना टोंगो. म्हणजे एक जागा बघताना तिची मूळ जागा शेकडो किलोमीटरवर असू शकते, आणि हे कुठल्याही दगडावर लिहिलेलं नसतं, ते माणसांकडूनच कळतं.

मधोमध शेवटी जा

पोचल्या पोचल्या मुख्य मूर्तीकडे किंवा मुख्य दगडाकडे धावायचं नाही. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. उतार कुठून कुठं आहे, पाणी कुठून येतं, वाट कुठून चढते, सावली कुठं आहे, आजारी माणूस चालत येऊ शकेल की उचलून आणावा लागेल. वहीत मोठा चौकोन काढा, उत्तर दिशा टाका आणि पावलं मोजत मोजत कच्चा नकाशा काढा. सुबक नसला तरी चालतो पण अंतरं हवीत. ड्रोन वगैरे असेल तरी हा हाताने काढायचा नकाशा सोडू नका, कारण काढताना डोळा थांबतो.

हे का करायचं ते ग्रीसमधल्या एपिडॉरसवरून कळतं. अस्क्लेपियस या वैद्यदेवाचं ते मोठं ठिकाण, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात भरभराटीला आलेलं. आज लोक तिथलं दगडी नाट्यगृह बघायला जातात. पण आजारी माणसासाठी महत्त्वाची इमारत वेगळी होती, अबाटोन, एक लांबट ओसरीसारखी इमारत, जिथं रात्री झोपायचं आणि देव स्वप्नात येऊन बरं करणार अशी श्रद्धा. आधी स्नान करून शुद्ध व्हायचं, मग अर्पण, मग झोप. हा क्रम लक्षात ठेवून जमिनीवर फिरलं की विहीर इथं का, वेदी तिथं का, ते आपोआप कळत जातं. कुठल्याही जागेत हाच प्रश्न धरून चाला: माणूस आला कुठून, थांबला कुठं, त्याने काय केलं, आणि बाहेर कुठून गेला?

पाणी असेल तर तिथं सगळ्यात जास्त वेळ द्या

उपचाराच्या जागा आणि पाणी यांचं नातं जगभर दिसतं. आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाण्याचा फायदा असा की ओल्या गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे एरवी कुजून जाणारं लाकूडसुद्धा टिकतं.

फ्रान्समध्ये सीन नदी जिथं उगम पावते तिथं सेक्वाना देवीचं ठिकाण होतं, रोमन काळातलं. १९६० च्या दशकात तिथल्या ओल्या मातीतून लाकडात कोरलेल्या मूर्ती, डोकी, हात, पाय असे शेकडोंनी निघाले. मग १९६८ पासून शामालिएर इथल्या झऱ्यात तर हजारोंनी निघाले. विचार करा, हीच जागा कोरडी असती तर हे सगळं कधीच मातीत मिसळून गेलं असतं आणि आपण म्हटलं असतं की इथं फक्त चार नाणी सापडली. इटलीत सान काशानो देई बान्यी इथं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गरम पाण्याच्या कुंडाच्या चिखलातून २४ कांस्य पुतळे निघाल्याचं जाहीर झालं, सोबत अवयवांच्या कांस्य प्रतिकृती आणि हजारो नाणी, आणि लेख एट्रुस्कन (रोमनांच्या आधीपासूनची तिथली भाषा) आणि लॅटिन दोन्ही भाषांत. राज्य बदललं, भाषा बदलली, पण लोक त्याच पाण्याशी येत राहिले.

म्हणून झरा, कुंड, विहीर दिसली की हे टिपा: पाणी गरम की थंड, वास येतो का, कडेला गंज किंवा पांढरा थर चढलाय का, आत उतरायला पायऱ्या आहेत का नुसतं वरून टाकायची सोय आहे. उतरायची सोय म्हणजे बहुधा अंघोळ, नुसता काठ म्हणजे बहुधा अर्पण किंवा पिणं. बहुधा म्हणतोय, हे लक्षात असू द्या. आणि गाळ तसाच राहू द्या. तो ढवळला की थर गेले, आणि वस्तू हातात आली तरी ती कधी आणि कुणाबरोबर टाकली गेली हे कायमचं गेलं.

अवयव दिसले म्हणून लगेच दुखणं ठरवू नका

मातीचा पाय दिसला, म्हणजे कुणाचा तरी पाय दुखत होता. सरळ आहे ना? बऱ्याचदा सरळच असतं. ग्रीसमध्ये कॉरिंथच्या अस्क्लेपियस मंदिराच्या खोदकामात भाजक्या मातीचे हात, पाय, कान, डोळे, स्तन, लिंग असे ढीग निघाले, काही तर जवळजवळ खऱ्या मापाचे, आणि ते बघताना खरंच गलबलून येतं, इतकी त्यात माणसांची काळजी दिसते.

पण कानाचं बघा. कान वाहिला म्हणजे ऐकू येत नव्हतं असं असेल, नाहीतर "देवा, माझं ऐक" असंही असेल, कारण देवाचा कान म्हणून कान वाहायची पद्धत पण होती. पावलाचंही तेच, दुखणारा पाय किंवा "मी इथवर चालत आलो" ही खूण. स्तन म्हणजे आजार की बाळाला दूध येऊ दे ही मागणी? एका वस्तूवरून ठरत नाही. म्हणून मोजा. एकूण किती, कोणते जास्त, कोणते एकत्र ठेवलेले, डावा की उजवा, मोडलेला असेल तर मुद्दाम मोडलेला वाटतो का. म्युझियममधल्या कपाटासमोर उभे असाल तरी हे करता येतं, आणि तिथल्या माणसाला विचारा की हे सगळे एकाच खड्ड्यातले का वेगवेगळ्या ठिकाणचे. हा एक प्रश्न पाटीवरच्या पूर्ण मजकुरापेक्षा जास्त देतो.

खळगे, ओरखडे, भोकं

हा माझा सगळ्यात आवडता भाग. उन्हात दुपारी हे दिसत नाहीत, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात जा. मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला तरी दिसतात.

इजिप्तच्या कितीतरी मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर लांबट खोल खाचा आहेत, कुणी बोटाएवढ्या, कुणी हातभर. लोकांनी दगड खरवडून त्याची पूड नेली, औषध म्हणून, आशीर्वाद म्हणून. आपल्याला ती "नासधूस" वाटते पण तो उपचाराचा पुरावा आहे. खाचा कुठल्या उंचीवर आहेत ते मापा, कुठल्या चित्राजवळ आहेत आणि कुठलं चित्र सोडून दिलंय तेही.

आणि भोकं. उत्तर घानातच कोमा भागात यिकपाबोंगो इथं मातीच्या मूर्ती सापडतात, हजारेक वर्षांच्या आसपासच्या, माणसांच्या, प्राण्यांच्या. काहींच्या डोक्यात, कानात, नाकात बारीक भोकं आहेत. बाहेरून वाटतं कुणीतरी काडी टोचली असेल. पण काही मूर्तींचं सीटी स्कॅन केलं, माणसांचं करतात तसंच, तेव्हा दिसलं की आत नळ्या गेल्यात, मुद्दाम केलेल्या, लांबपर्यंत. म्हणजे त्यातून काहीतरी ओतलं जात असणार, आणि आत काय गेलं होतं हे बघायला वनस्पतींच्या डीएनएचा शोध पण घेतला गेला. शिवाय बऱ्याच मूर्ती मोडलेल्या, मांडून ठेवलेल्या, आणि सोबत कुठंकुठं माणसांच्या कवट्या आणि दात. यातली एकच मूर्ती कुणाच्या दिवाणखान्यात ठेवली तर ती फक्त "आफ्रिकन कला" होते. मांडणी, शेजार, नळी, सगळं एकत्र आलं तेव्हा कुठं उपचार आणि पूर्वज हा अर्थ समोर आला.

फोटो काढताना प्रत्येक गोष्टीचे तीन काढा: लांबून, मधून, जवळून. जवळच्यात मापपट्टी ठेवा. आणि फोटोचा नंबर तिथल्या तिथं नकाशावर लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की ते होत नाही, हे मी भरपूर वेळा अनुभवलंय.

लेख वाचताना कोण बोलतंय ते बघा

एपिडॉरसच्या दगडी पाट्यांवर बरं झाल्याच्या सत्तरेक गोष्टी कोरलेल्या मिळाल्यात. त्यात अथेन्सच्या अंब्रोसियाची आहे. एका डोळ्याने आंधळी, ती आवारात फिरताना तिथल्या गोष्टींना हसली, लंगडे आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे होतात म्हणे. रात्री देव स्वप्नात आला, म्हणाला बरी करतो, पण तुझ्या अडाणीपणाची खूण म्हणून मंदिरात चांदीचं डुक्कर वाहा. डोळा चिरून औषध घातलं, सकाळी ती बरी होऊन गेली. फार सुंदर गोष्ट आहे, पण ती पाटी मंदिराने लावलीय, आणि जे बरे न होता परत गेले त्यांची पाटी कुणी कोरत नाही. म्हणून ही गोष्ट "असं झालं" म्हणून नाही तर "येणाऱ्याने काय मानावं अशी मंदिराची इच्छा होती" म्हणून वाचा, तशी वाचली तर ती फार किमती आहे.

इंग्लंडमधल्या बाथचं उलटं. गरम पाण्याचा झरा, सुलिस मिनर्व्हा देवी, सगळ्यांना वाटतं निव्वळ उपचाराची जागा. पण झऱ्यातून निघाले काय तर शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले सुमारे १३० शाप! बहुतेक चोरीचे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे हरवले, तर चोराची बुद्धी जावो आणि डोळे जावोत असं त्याने देवीकडे मागितलंय. अवयवांच्या वस्तू मात्र तिथं अगदी मोजक्या. म्हणजे एकाच पाण्याकडे लोक तब्येत पण मागत होते आणि न्याय पण. जागेवर "उपचार" असा एकच शिक्का मारायची घाई नको.

कधीकधी मात्र एक छोटासा तुकडा पुरतो. पाटण्याजवळ कुम्राहारला १९५१ ते १९५५ च्या उत्खननात गुप्त काळातली मातीची मुद्रा मिळाली, त्यावर आरोग्यविहार हा शब्द, भिक्षुसंघाच्या नावासकट. मठाला जोडून आजाऱ्यांची सोय होती हे त्या बोटाएवढ्या मातीने सांगितलं.

हाडं आणि झाडं, इथं फार जपून

इराकच्या शानिदार गुहेत १९६० मध्ये निअँडरथल माणसाचा (आता नामशेष झालेली एक जुनी मानवजात) एक सांगाडा मिळाला, त्याच्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण झुपक्यांनी होते आणि त्यातली बरीच झाडं औषधी. जगभर गोष्ट पसरली की फुलांत पुरलेला माणूस, कदाचित वैदूच. नंतर दाखवलं गेलं की तिथं उंदरांसारखे प्राणी बिळं करतात आणि फुलं आत ओढून नेतात, मधमाश्यांचाही संशय आहे. आता हा पुरावा पक्का फारसं कुणी धरत नाही. म्हणून जुन्या ठाण्याजवळ औषधी झाड दिसलं तर नोंद करा, पण ते मुद्दाम लावलं, आपोआप आलं, का परवा कुणी आणलं, हे वेगळं लिहा.

हाडांमध्ये एक खूण मात्र भरवशाची, बरं होण्याची. कवटीला भोक पाडलेलं असेल आणि कडा धारदार असेल तर माणूस बहुधा लगेच गेला, कडा गोल भरून आली असेल तर जगला. बलुचिस्तानात मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या ११ दाढा मिळाल्या, गारगोटीच्या बारीक टोकाने भोकं पाडलेल्या, आणि भोकांच्या कडा चावून चावून झिजलेल्या. म्हणजे त्यानंतर ती माणसं जेवली. बाकी हाडं तुम्हाला प्रत्यक्ष जागेवर दिसली तर हात न लावता तिथल्या अधिकाऱ्यांना कळवा, एवढंच.

लिहिताना

वहीच्या पानाचे तीन भाग करा: दिसलं, सांगितलं, मला वाटलं. कुठलीही ओळ दोन भागांत जायला नको. "खळगा, १२ सेंटीमीटर, काळपट" हे दिसलं. "इथं तेल ओततात" हे सांगितलं, कुणी आणि कधी ते पण. "जुन्या काळीही तेलच असावं" हे मला वाटलं. सुरुवातीला कंटाळवाणं होतं पण सहा महिन्यांनी वही उघडलीत की याची किंमत कळते.

ऑनलाइन टाकताना नेमकं लोकेशन टाकू नका, फोटोतलं जीपीएस काढून टाका. कोमाच्या मूर्ती १९८० च्या दशकापासून बाहेर माहीत झाल्या आणि चोरटे खोदत सुटले, कितीतरी ढिगाऱ्यांची मांडणीच गेली. कुठल्या पाल्याने काय बरं होतं हे कुणी वैदूने विश्वासाने सांगितलं असेल तर ते त्यांचं आहे, विचारल्याशिवाय छापायचं नाही.

आणि सगळं झालं की नकाशा घेऊन परत जा, जमलं तर वेगळ्या ऋतूत, कारण पाणी आणि माणसं दोन्ही बदललेली असतात. जागा सांभाळणाऱ्यांना तो दाखवा आणि एक प्रत देऊन या. मी एकदा दोन दिवस खपून काढलेला नकाशा असाच एका आजींना दाखवला, त्यांनी तो हातात धरून बराच वेळ बघितला, मग कुंडाच्या अलीकडे रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथला दगड राहिला की रे. आजारी माणूस आत असतो ना, तेव्हा त्याला घेऊन आलेले लोक त्यावर बसतात. जाऊन बघितलं तर खरंच, सपाट दगड, मधे बसून बसून गुळगुळीत झालेला. मी दोन्ही दिवस त्यावरच बसून नकाशा काढला होता. पेन्सिल काढली, माप घेतलं आणि आजींच्या समोरच तो नकाशात टाकला.